डोंगरमाईचं माप

आमच्या काल्दविक गावात काही लपून राहत नाही. कोणाच्या होडीला किती मासळी लागली, कोणाचा नवरा कुठल्या सोफ्यावर झोपतो, सगळं संध्याकाळपर्यंत फ्योर्डाच्या, म्हणजे आमच्या डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, दोन्ही काठांना कळलेलं असतं. एकच गोष्ट आम्ही जीव गेला तरी फोडत नाही. यंदाची डोंगरमाई कोण, ही.

सतरा जून म्हणजे आमच्या देशाचा वाढदिवस. त्या दिवशी बँड वाजतो, पोरं झेंडे घेऊन धावतात, नगराध्यक्ष सगळ्यांचे पाय गारठेपर्यंत भाषण करतो आणि मग शाळेचं दार उघडून डोंगरमाई बाहेर येते. असते गावातलीच एखादी बाई. काल-परवा दुकानात दुधाच्या रांगेत तुमच्या पुढेच उभी असते. पण काळा भरजरी पोशाख, चांदीचा कमरपट्टा आणि डोक्यावर उंच पांढरं शिरोभूषण लेवून ती पायऱ्यांवर उभी राहून कविता म्हणते, तेव्हा ती कुणी बाई नसते, अख्खा देश असते. बर्फ, डोंगर, समुद्र सगळं धरून. पुरुष टोप्या काढतात. माझा नवरा केटिल, ज्याने आमच्या लग्नातही टोपी काढली नव्हती, तोसुद्धा काढतो.

हा पोशाख माझ्या आजीने शिवला. नंतर तो महिला मंडळाचा झाला, पण सांभाळायला आमच्याच घरी राहिला. आधी आजी, मग आई, मग मी. दरवर्षी नवी बाई, नवं अंग. मग तो कुणासाठी आवळायचा, कुणासाठी उसवायचा, हे माझं काम. आणि ते करायचं कोणासाठी हे न कळता! कारण मंडळाची अध्यक्ष डीसा, जी आमच्या शाळेची मुख्याध्यापकही आहे, ती मला नाव सांगत नाही, आकडेही सांगत नाही. एक लोकरीचा धागा आणून देते. त्याच्या टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत हाताची लांबी, दुसरीपर्यंत कंबर, तिसरीपर्यंत कमरेपासून जमीन, सगळं त्याच टोकापासून मोजलेलं. आजीच्या काळापासून हीच रीत. आकडा असला की शिवणारी बाई गावात बोलून बसते, पण धागा मुका असतो, असं आजी म्हणायची.

मुका कसला! मला तो सगळं सांगतो. धागा हातात आला की मी डोळे मिटून बोटांनी गाठी चाचपते आणि बाई ओळखते. केटिलशी पैज असते, हरेल त्याने आठवडाभर भांडी घासायची. माझे हात सतरा जूननंतर कायम कोरडे राहिले आहेत.

यंदा मात्र डीसा आली ती आधीच तोंड पाडून.

"स्वावा, एक बोलायचंय," ती म्हणाली. "राजधानीतल्या संग्रहालयाचा परत फोन आला. पोशाख मागतायत. काचेच्या कपाटात ठेवतील, दिवे वगैरे लावून."

"मागू देत. द्यायलाच हवा का?"

"तुझी बोटं बघ आधी."

मी हात एप्रनखाली घेतले. सांध्यांना गाठी आल्यात हे खरं. मागच्या वर्षी कमरपट्ट्याचा एक हूक लावता लावता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं आणि मी कांद्यावर ढकललं होतं.

"तुझ्यानंतर कोण?" डीसाने विचारलं. "तीन जणींना मी तुझ्याकडे शिकायला पाठवलं. तिघींनाही हाकललंस."

"एकीची शिलाई म्हणजे मासळीच्या जाळ्याची. दुसरी सारखी फोनवर. आणि काशा..."

"काशाचं काय वाईट होतं?"

"घाई करते."

डीसाने उसासा टाकला. मंडळाने ठरवलं होतं. यंदाचा सतरा जून झाला की त्या आठवड्यात संग्रहालयाची माणसं येणार. तोवर पोशाख सांभाळायला कोणी मिळालं तर ठीक, नाहीतर तो जाणार. मेलेल्या पक्ष्यात पेंढा भरून ठेवतात तसा तो पोशाख मला काचेमागे दिसायला लागला. अंगाविना, वाऱ्याविना, कवितेविना. बोलले असते तर रडले असते, आणि डीसासमोर मी शाळेत असल्यापासून रडलेली नाही.

जाताना तिने खिशातून धागा काढला. निळा होता. ती गेल्यावर मी डोळे मिटून बोटं फिरवली आणि चक्रावले. पहिली आणि दुसरी गाठ जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे हाताची लांबी जवळपास कमरेएवढी! असा लांब हात आणि अशी बारीक कंबर आख्ख्या काल्दविकमध्ये कुणाची?

"हरलीस?" केटिलने भांड्यांकडे बघत आशेने विचारलं.

"गप्प बस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी पोहण्याच्या तलावावर गेले. तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बुडून बसलं की गाव आपोआप तुमच्यासमोर येतं, तेही कपड्यांशिवाय, म्हणजे मापं घ्यायला सोयीचं. मी एकेकीचे हात न्याहाळत बसले. पोस्टातल्या बाईचे आखूड. डॉक्टरणीचे बरे, पण कंबर नाही.

"माझे हात काय बघतेस?" समोरून काशा म्हणाली. ती पोलंडहून आलेली, सामन माशांच्या कारखान्यात काम करते आणि रात्री गावाचे पडदे, परकर, विजारी शिवते. "मी नाही डोंगरमाई. मला कोण करतंय?"

"मी कुठे काही विचारलं?"

"तू विचारत नाहीस, तू हाकलतेस." ती हसत होती, पण हसू तोंडापुरतंच होतं. "खरं सांगू, स्वावा? तुला कोणाला शिकवायचंच नाहीये. तुला तो पोशाख बरोबर घेऊन जायचाय, वरती."

हौदातल्या सगळ्या बायका अचानक आभाळाकडे बघायला लागल्या. मला इतका राग आला की मी ओल्या अंगावरच कोट चढवून घरी आले. राग कशाचा आला, ते घरी येईपर्यंत मला नीट कळलं होतं, म्हणून आणखी आला.

त्याच संध्याकाळी नॉर्वेहून आल्दाचा फोन आला. आल्दा माझी धाकटी बहीण. नर्सिंग शिकायला म्हणून बर्गनला गेली, तिथल्या स्टेनारशी लग्न केलं आणि तिथलीच झाली. आई गेली तेव्हा आली होती, त्यानंतर पाऊल टाकलेलं नाही. भांडण असं काही नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, मिटवता तरी आलं असतं. आमच्यात फक्त समुद्र होता आणि दोघींनाही फोन करायचा कंटाळा.

"आम्ही सतरा जूनला येतोय," ती म्हणाली. "तिघंही. इल्फाने तिकिटं काढलीसुद्धा."

"सतरा जूनला? कशाला?"

"कशाला म्हणजे काय? सण आहे ना देशाचा?" आणि मग ती अशी हसली की जणू काही तिला माहीत असलेलं मला माहीत नाही.

फोन ठेवला, आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. लांब हात! आईचे हात! आम्हां बहिणींत ते आल्दाला मिळाले. मला मिळाल्या फक्त आईच्या शिव्या. आणि आल्दा जन्मापासून काठी. डोंगरमाई गावात राहणारी किंवा गावात जन्मलेली असावी लागते, आणि आल्दा तर आमच्या याच घरात, वरच्या खोलीत जन्मलेली. डीसाने तिला गुपचूप बोलावलं होतं!

मी केटिलला सांगितलं, "भांडी तूच घासणार आहेस."

"आल्दा तिकडे, डीसा इकडे. माप घेतलं कुणी?"

"तिचं तिने घेतलं असेल. तुला काय करायचंय?" असल्या फालतू शंका त्याच्याच डोक्यात येतात.

कितीतरी वर्षांत मी इतक्या आनंदाने शिवलं नव्हतं. घागऱ्याची दुमड सोडवली, बाह्यांना आतून पट्टी जोडली, कंबर आवळली. बोटं ठणकत होती, पण मी म्हटलं, ठणका. माझी बहीण आजीचा पोशाख घालणार आहे. तो शेवटचाच अंगावर चढणार असेल, तर चढायला याहून योग्य अंग कोणतं? आणि मनाच्या कोपऱ्यात एक वेडी आशाही होती. कदाचित तो घातल्यावर आल्दालाच वाटेल की हा जाऊ देता कामा नये. कदाचित ती परत येईल. निवृत्तीला आलीच होती ती.

तिघं आली ती पंधरा तारखेला, वाऱ्यासकट. आल्दा दारातच मला बिलगली, मग मागे सरून तिने मला खालून वर न्याहाळलं आणि डोळा मारला. मीही मारला. मनात म्हटलं, असू दे, खेळू या.

स्टेनार सभ्य माणूस. आला, बूट काढले आणि खायला बसला. वाळवलेल्या मासळीला लोणी लावून, मग रुबार्बच्या आंबट देठांचा केक, मग परत मासळी.

"इकडे जूनमध्ये असाच गारठा असतो?" त्याने विचारलं.

"नाही," केटिल म्हणाला. "सतरा तारखेला जास्त असतो."

इल्फा, त्यांची मुलगी, पोहण्याची शिक्षिका. उंच, भुऱ्या केसांची, आमची भाषा नॉर्वेच्या चालीवर गात बोलणारी. लहानपणी दोन उन्हाळे माझ्याकडे राहिली होती तेव्हा दिवसभर समुद्रात असायची. ओठ निळे झाले तरी बाहेर निघायची नाही. जेवण झालं की ती उठली.

"मावशी, मी जरा समुद्रावर जाऊन येते."

"या वाऱ्यात?"

"हो, मला वाराच हवाय," म्हणाली आणि गेली. खिडकीतून मी पाहिलं, तर ती काठाने येरझाऱ्या घालत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"कोणाशी बोलते गं ही?" मी आल्दाला विचारलं.

"असेल कोणीतरी. महिनाभर हे असंच चाललंय. आम्ही खोलीत गेलो की गप्प होते." आल्दा कुजबुजली. "स्टेनार म्हणतो, लग्नाचं असेल. मी म्हणते, असू दे, निदान सांग तरी. आईला सांगायला काय होतं?"

"तू आपल्या आईला सांगितलं होतंस स्टेनारबद्दल?"

"तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणून ती बशा गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पिठाच्या पातळ गुंडाळ्या करायला बसलो. सतरा जूनला प्रत्येक घरी त्या हव्यातच, आत साखर नाहीतर साय. आल्दा तव्यावर टाकत होती, मी गुंडाळत होते.

"घाबरली नाहीस ना?" तिने एकदम विचारलं.

"मी कशाला घाबरू? तू घाबरली नाहीस ना?"

"मी?" ती हसली. "मला काय, मला नुसतं उभंच राहायचंय."

मी म्हटलं, वा, काय धीट आहे. कविता म्हणायची म्हणजे नुसतं उभं राहणं आहे का?

मग मी तिला संग्रहालयाचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तव्याच्या धगीसमोर माणूस बोलून जातो. तिचा हात हवेतच थांबला.

"म्हणजे हा शेवटचा सतरा जून? आजीच्या पोशाखाचा?"

"कोणी मिळालं नाही तर. आणि कोण मिळणार आहे?" मी तिच्याकडे बघितलं. फार आशेने बघितलं असेन, कारण तिने नजर तव्यावर वळवली.

"माझ्याकडे बघू नकोस गं, स्वावा. माझं सगळं तिकडे आहे. घर, स्टेनारची आई, इल्फा. मी आता इथे पाहुणीच."

त्या तव्यावरची एक गुंडाळी करपली. ती मी खाऊन टाकली, कोणाला दिसू नये म्हणून. तेव्हाच मनाशी मान्य केलं की पोशाख जाणार. पण उद्या तरी तो माझ्या बहिणीच्या अंगावर असेल. तेवढं पुरे म्हणायचं, असं ठरवलं आणि मला ते मुळीच पुरेसं वाटत नव्हतं.

सतरा तारखेला नेमानुसार बारीक पाऊस होता. पोरींनी तरीही नवे उन्हाळी फ्रॉक घातले होते आणि त्यांचे गुडघे जांभळे पडले होते. फुग्यांवर ओल, साखरेच्या कापसावर ओल, बँडच्या तुताऱ्यांत पाणी. सकाळी मी पोशाखाची पेटी शाळेत नेऊन डीसाच्या हाती दिली. आत जायचं नसतं. घरी येऊन बघते तर आल्दा आरामात कॉफी पीत बसलेली.

"तू अजून इथेच?" माझ्या तोंडून निघालं.

"तू अजून इथेच?" तीही म्हणाली, आणि परत तो डोळा.

"इल्फा कुठंय?"

"गेली पुढे. म्हणाली, गर्दीत भेटू."

मला वाटलं, आल्दा मागच्या दाराने जाईल. अखेरच्या क्षणी जाईल. पण ती माझ्याबरोबर चौकापर्यंत आली. बँड वाजला, ती होती. नगराध्यक्ष सुरू झाला, ती होती. त्याने मासेमारी, रस्ता, बोगदा आणि परत मासेमारी असं सगळं घेतलं, आणि ती माझ्या शेजारी पाय आपटत उभीच.

"अगं, जा ना आता!" शेवटी मी तिच्या कानात ओरडले.

"मी कुठे जाऊ? तूच जा! उशीर होतोय तुला!"

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"आल्दा," मी म्हटलं, "डोंगरमाई तू आहेस ना?"

"वेडी आहेस का? तू आहेस! म्हणून तर आलो आम्ही. इल्फा म्हणाली, आई, यंदा काहीही झालं तरी सतरा जूनला जायचंच, कारण विचारू नकोस. मी म्हटलं, म्हणजे स्वावाची पाळी आली शेवटी. तुला बघायला म्हणून मी..."

केटिल आमच्या मागे उभा होता. तो फक्त म्हणाला, "भांडी," आणि त्याने टोपी काढली, कारण शाळेचं दार उघडलं होतं.

आधी मला फक्त पोशाख दिसला. घागरा जमिनीला बरोबर टेकत होता, एक बोटभरही जास्त नाही. बाह्या मनगटाशी थांबल्या होत्या. वाऱ्याने शिरोभूषणावरची पांढरी ओढणी उचलली आणि तिच्याखाली आमच्या आईचे लांब हात, आमच्या आईची मान आणि निळे पडलेले ओठ दिसले. इल्फाचे ओठ.

आल्दाने माझा दंड इतका घट्ट धरला की तो वळ आठवडाभर राहिला.

इल्फाने कविता म्हटली. तिच्या चालीवर ती थोडी नॉर्वेकडे झुकली, दोन ठिकाणी अडखळलीही. पण आवाज मागच्या होड्यांपर्यंत पोचला. एक पोर रडत होतं ते थांबलं. मी आजपर्यंत या पायऱ्यांवर खूप डोंगरमाई पाहिल्या, कविता चांगली म्हणणाऱ्या, वाईट म्हणणाऱ्या. पण पोशाख असा जिवंत झालेला मी पाहिला नव्हता. म्हणजे मला तसं वाटलं. मी तिची मावशी आहे, मला दुसरं काय वाटणार?

कविता संपल्यावर डीसा पुढे झाली. "नियमाप्रमाणे डोंगरमाई गावात राहणारी किंवा गावात जन्मलेली असते," ती म्हणाली. "ही इथे जन्मली नाही. पण या शरद ऋतूपासून इल्फा आपल्या शाळेत पोहणं शिकवणार आहे. घरही घेतलंय, बंदरावरचं पिवळं. तेव्हा ही गावात राहणारी." टाळ्या इतक्या झाल्या की पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. इल्फा आधी गुपचूप येऊन गेली होती, तिची मुलाखत पलीकडच्या फ्योर्डात झाली होती आणि मापही तिथेच घेतलं होतं, म्हणून गावाला वास लागला नाही. हे नंतर कळलं.

मी आनंदाने नाचले असते. पण शेजारी आल्दा उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पावसाचं नव्हे. माझ्या घरी जे येत होतं, ते तिच्या घरून जात होतं.

"मला सांगितलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "स्वावा, मी गेले तेव्हा आईला असंच वाटलं असेल का गं?"

खोटं बोलायला हवं होतं कदाचित. मला जमत नाही.

"हो," मी म्हटलं. "धक्क्यावरून ती घरी आली आणि तिने पाच माणसांचं जेवण वाढलं. आम्ही चौघंच होतो."

आल्दा माझ्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडली. लोक बाजूने जात होते, कोणी विचारलं नाही. सतरा जूनला रडलेलं चालतं. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "निदान ती तुझ्याजवळ येतेय."

"आणि तू?"

"मला आता दर सतरा जूनला यावंच लागणार ना. मुलगी इथे म्हटल्यावर."

संध्याकाळी सगळे आमच्या स्वयंपाकघरात जमले होते. स्टेनार गुंडाळ्या खात होता. त्याला सगळं महिन्याभरापासून ठाऊक होतं, असं निघालं. लग्नाची पुडी त्यानेच सोडली होती. आल्दा त्याच्याशी बोलत नव्हती, पण ताट भरत होती. इल्फा आईच्या खुर्चीच्या हातावर बसून हळूच म्हणाली, "तुला आधी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली नसतीस. तू रडली असतीस. मग मीच राहिले असते."

आल्दाने तिच्या केसांतून हात फिरवला.

मी पोशाख टेबलावर पसरला. घागऱ्याची कड उलटून आतली बाजू वर केली. तिथे काठाने रंगीबेरंगी लोकरीचे छोटे टाके आहेत, ओळीने. दरवर्षी डोंगरमाईचं माप घेतलेला धागा कापून त्याचा एक टाका आत घालायचा, ही आमच्या घरची रीत. बाहेरून कोणाला दिसत नाही. आईचा पिवळा आहे.

"हे सगळे त्या बायका?" इल्फाने वाकून विचारलं.

"सगळ्या."

डीसा कोट घालत होती. तिने घसा साफ केला. "स्वावा, परवा संग्रहालयाची माणसं येणार. काय सांगू त्यांना?"

मी इल्फाकडे बघितलं. "तुला शिवता येतं?"

"नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "शाळेत मी पिशवी शिवली होती. तिचं तोंड दोन्हीकडून बंद झालं."

केटिल खो खो हसला. डीसा हसली नाही. "तीन चांगल्या शिवणाऱ्या बायका तू हाकलल्यास," ती म्हणाली. "आता भाचीला, जिला पिशवी येत नाही, तिला ठेवणार? काशा काय म्हणेल?"

ती बरोबर बोलत होती, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. मग हौदातलं काशाचं ते तोंडापुरतं हसू आठवलं.

"काशाला बोलाव," मी म्हटलं. "तिला सांग, घाई चालणार नाही, पण ये. तिला शिवणाचा हात आहे. हिच्याकडे हात नाही, पण हिला वेळ आहे आणि मला ही हवी आहे. दोघींना शिकवीन. एकीवर भागायचं नाही, माझं आयुष्य केवढं राहिलंय."

"आणि संग्रहालय?"

"सांग त्यांना, पोशाख रिकामा नाही. अंगावर आहे."

डीसाने कोट परत काढला, खुर्ची ओढली आणि बसली. मी निळ्या धाग्याचा तुकडा कापला, मोठ्या भोकाची सुई काढली आणि दोन्ही इल्फाच्या हातात दिलं.

"ओव."

धागा जाडा. तिने टोक ओठांत धरून ओलं केलं, नेम धरला, चुकली. परत ओलं केलं, परत चुकली. लोकर फुलून तिचा बोळा झाला.

"आण इकडे," आल्दाचा हात पुढे आला.

"कोणी हात लावायचा नाही," मी म्हटलं.

आल्दाने हात मागे घेतला. इल्फाने खालचा ओठ दाताखाली धरला आणि सुई खिडकीतल्या उजेडाकडे केली. आम्ही सगळे तिच्या बोटांकडे बघत बसलो. कॉफी गार होत होती, पण कोणी कपाला हात लावला नाही.